केडगावची पाण्याची बादली

गेल्या आठवड्यात टॉमस पेन आणि जोतीराव फुले यांचा हप्ता कबूल केला होता. तो या वेळी नाही. कारण दौंडच्या एका वाचकाचं पत्र. नॉर्थॅम्प्टनचा पाळक जोनाथन एडवर्ड्स याच्या प्रार्थनाघरातली रडारड आणि थरथर मागच्या हप्त्यात वाचून ते लिहितात, ‘हे सगळं आमच्या तालुक्यात घडून गेलंय, केडगावला. तुम्ही मॅसॅच्युसेट्सपर्यंत जाऊन आलात, पण पाटसच्या अलीकडे उतरला नाहीत!’

तक्रार रास्त आहे. केडगाव या लेखमालेच्या टिपणांत होतं, पण फार पुढे. ते आता अलीकडे ओढलं आहे. नगरकरांनी गोंधळू नये. हे नगरच्या वेशीवरचं केडगाव नव्हे. पुणे-दौंड लोहमार्गावरचं, गुळाच्या बाजाराचं आणि पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं हे केडगाव.

पण आधी बॉस्टनमधलं एक काम उरलं आहे. एडवर्ड्सची बाजू झाली. त्याचा प्रतिपक्षी चार्ल्स चॉन्सी राहून गेला. बॉस्टनच्या फर्स्ट चर्चचा हा पाळक साठ वर्षं एकाच जागी टिकला. आपल्याला वक्तृत्व देऊ नकोस, अशी त्याने देवाला प्रार्थना केली होती म्हणे, आणि देवाने ती पुरेपूर ऐकली, असं त्याचे स्नेही म्हणत. ज्या काळात जॉर्ज व्हाइटफील्ड या फिरत्या प्रवचनकाराच्या प्रवचनाने फ्रँकलिनसारख्या पक्क्या हिशेबी माणसाचा खिसा रिकामा केला, त्या काळात अशी प्रार्थना करायला धैर्य लागतं! ‘महाजागृती’ नावाच्या त्या धर्मलाटेत माणसं प्रवचन ऐकता ऐकता कोसळू लागली, तेव्हा चॉन्सी चौकशी करत तीनशे मैल हिंडला आणि 1743 साली त्याने चारशेहून जास्त पानांचा ग्रंथ काढला. सगळ्या पानांमागे मुद्दा एकच: अंग थरथरलं म्हणजे आत्मा उजळला असं होत नाही, आणि देवाने बुद्धी दिली ती खुंटीला टांगून ठेवण्यासाठी नव्हे.

एडवर्ड्सला हे कळत नव्हतं, असं मुळीच नाही. तो न्यूटन आणि लॉक वाचलेला, कोवळ्या वयात कोळ्यांच्या जाळ्यांवर टिपण लिहिणारा माणूस. 1746 च्या ग्रंथात त्याने साफ लिहिलं की शरीराची थरथर हा खऱ्या भक्तीचा पुरावा नव्हे, आणि खोट्या भक्तीचाही नव्हे. मात्र हृदय ढवळल्याशिवाय धर्म नाही, यावर तो ठाम होता. पाठ्यपुस्तकं भावना आणि बुद्धी असे दोन कप्पे करून या दोघांना त्यांत कोंबतात, ते फारसं खरं नाही.

चॉन्सीच्या वळणाचे लोक पुढच्या दोन पिढ्यांत युनिटेरियन झाले. देव एकच, पिता-पुत्र-पवित्र आत्मा असं त्रैक्य नाही, वाटाड्या म्हणजे विवेक. आपल्या प्रार्थना समाजाचं हे चुलत घराणंच म्हणायचं. विठ्ठल रामजी शिंदे 1901 साली ऑक्सफर्डला शिकायला गेले ते ब्रिटिश युनिटेरियनांच्याच मदतीने. चॉन्सीच्या त्याच फर्स्ट चर्चमध्ये 1799 साली विल्यम इमर्सन पाळक म्हणून आला. त्याचा मुलगा राल्फ वाल्डो. तिथून अमेरिकन साहित्याचा रस्ता फुटतो. त्या रस्त्याला आज वळायचं नाही. आज वळायचं ते रमाबाईंकडे, कारण त्यांची वाटही याच बॉस्टनमधून गेली.

रमाबाई 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला पोचल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी. मग अमेरिकेतच रमल्या, जवळजवळ तीन वर्षं. 1887 च्या डिसेंबरात बॉस्टनला त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिने दहा वर्षं पैसा पुरवण्याचं वचन दिलं. अध्यक्ष होते एडवर्ड एव्हरेट हेल: युनिटेरियन पाळक, आणि 1863 साली गाजलेल्या ‘द मॅन विदाउट अ कंट्री’ या कथेचे लेखक. उपाध्यक्षांत त्रैक्य मानणारे फिलिप्स ब्रूक्सही होते. दीडशे वर्षं एकमेकांची उणीदुणी काढणाऱ्या पंथांचे वारस एका हिंदुस्थानी विधवेच्या शाळेसाठी एकाच सतरंजीवर बसले. ठरलं असं की शाळेत धर्मप्रसार होणार नाही. मुलींनी आपापले आचार खुशाल पाळावेत.

ही अट रमाबाईंना तेव्हा जड नव्हती. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला खरा, पण तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रांतला वाद वाचावा! त्रैक्य पटत नाही, म्हणून मानणार नाही. भटजींच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली, ती आता पाद्र्यांच्या जोखडात घालणार नाही, हा त्यांचा सूर. युनिटेरियन मंडळी खूश व्हावीत अशीच ही बाई. 1889 साली आलेल्या त्यांच्या अमेरिकेच्या प्रवासवृत्तात तिथल्या धर्मपंथांवर आणि परोपकारी संस्थांवर एक आख्खं प्रकरण आहे. अमेरिकेच्या सरकारी व्यवस्थेपासून स्त्रियांच्या स्थितीपर्यंत सगळं मराठीत इतक्या चौकसपणे त्याआधी कुणी लिहिलं असेल, असं वाटत नाही.

11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. त्यानंतरचा गदारोळ मराठी वाचकाला पाठ आहे. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसत. उघडं दार म्हणजे प्रसार की नाही? ‘केसरी’चं उत्तर ठरलेलं होतं. 1893 साली रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पण खरी गंमत रमाबाईंच्या आत चालली होती. साधारण 1891 पासून त्यांना असं वाटू लागलं की आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीने घेतला, ख्रिस्त मात्र हाती लागलाच नाही. चॉन्सीच्या अंगणात वाढलेलं रोप एडवर्ड्सच्या कुंपणाकडे झुकायला लागलं.

केडगावची जमीन घेतली होती ती बॉस्टनचा पैसा थांबल्यावर संस्थेला उत्पन्न असावं म्हणून, शेती-फळबागेसाठी. 1896-97 चा दुष्काळ पडला, मध्य प्रांतातून मुली आणल्या, पुण्यात प्लेगचे निर्बंध आले, आणि शेत हीच वस्ती झाली. 1898 साली रमाबाई पुन्हा बॉस्टनला जाऊन आल्या. तिथे नवी असोसिएशन झाली. इकडे उघड्या-मिटल्या दाराचा प्रश्नच संपला. मुक्ती हे जाहीरपणे ख्रिस्ती घर झालं.

आता वाचकाने काढलेला विषय. 1905 च्या जून महिन्याची अखेर, पहाटेची वेळ. वसतिगृहातली एक मुलगी ओरडत उठली. अंगावर पवित्र आत्म्याचा अग्नी आला असं तिचं म्हणणं. देखरेख करणाऱ्या बाई धावत गेल्या. मुलगी खरोखर पेटली आहे असं वाटून त्यांनी पाण्याची बादली उचलली आणि आता ओतणार, एवढ्यात जाळ कुठे नाही हे ध्यानात आलं. ही हकीकत मिनी एब्रम्स या मुक्तीत काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी बाईंनी लिहून ठेवली आहे. पुढे कित्येक दिवस मुली रडत, पापं कबूल करत, तासन् तास प्रार्थना करत राहिल्या. ख्रिस्ती मंडळी याला ‘संजीवन’ म्हणतात. एडवर्ड्सने 1737 साली छापलेल्या वृत्तांतात चार वर्षांची फीबी बार्टलेट कोठडीत जाऊन प्रार्थना करते. ती केडगावला आली असती तर कुणाला परकी वाटली नसती.

चॉन्सी आला असता तर? त्याने सगळ्यांना बाजूला सारून त्या बादलीवाल्या बाईंची साक्ष आधी घेतली असती. जाळ दिसला तर पाणी आणावं, जाळ नाही असं दिसलं तर बादली खाली ठेवावी, हे त्याच्या पंथाचं वर्तन. आणि हे वर्तन मुक्तीतून कधी गेलं नव्हतं. ज्या आवारात मुली थरथरत होत्या, त्याच आवारात छापखाना होता, माग होते, तेलाचा घाणा होता, अक्षरओळखीचे वर्ग होते. दुष्काळातून आलेल्या मुलीच्या हाताला धंदा हवा, हे रमाबाईंना संजीवनाच्या आधीही कळत होतं आणि नंतरही. संजीवनाचीच तेवढी गोष्ट सांगणारे भक्त आणि ते झाकून ठेवणारे सुधारणावादी चरित्रकार, दोघेही बाईंना अर्धं करतात.

एब्रम्सबाईंनी 1906 साली या अनुभवावर पुस्तिका लिहिली आणि चिलीतल्या वाल्पाराईसोला आपल्या जुन्या सहाध्यायिनीकडे धाडली. तिचे पती विलिस हूव्हर तिथे मेथडिस्ट पाळक. 1909 साली त्यांच्या चर्चमध्ये तसंच संजीवन झालं आणि त्यातून चिलीतला पेंटेकोस्टल पंथ उभा राहिला. मॅसॅच्युसेट्सची गोष्ट दक्षिण अमेरिकेत गेली ती दौंड तालुक्यातून, हे आपल्याकडच्या किती इतिहासाच्या शिक्षकांनी वर्गात सांगितलं असेल?

रमाबाईंची शेवटची वर्षं मात्र पुन्हा पोथीत गेली. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या, बायकांना कळेल अशा साध्या भाषेत. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या मुक्तीतल्याच बायका. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. ग्रंथ 1924 साली बाहेर पडला.

पेन आणि फुले पुढच्या आठवड्यात, नक्की. ज्यांच्याकडे ‘गुलामगिरी’ असेल त्यांनी 1873 च्या त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका तेवढी वाचून ठेवावी. ती अमेरिकेतल्या माणसांना उद्देशून आहे.