जिन्नांच्या मागे का लागायचे?

जिन्न आहेत, हे आपण मुसलमान मानतो. दिव्य कुरआनात सूरह जिन्न या नावाची 28 आयतींची स्वतंत्र सूरह आहे. अल्लाहने त्यांना आगीपासून निर्माण केले, त्यांच्यात श्रद्धावंत आहेत तसे अवज्ञाकारीही आहेत, ते आपल्याला दिसत नाहीत. इतके जाणून घेणे ईमानासाठी पुरेसे आहे. पण याच श्रद्धेचा आधार घेऊन आपल्या मोहल्ल्यांत आमिलांची दुकाने चालतात आणि आपली तरुण मुले मोबाईलवर ‘जिन्न हाजिर करण्याचे’ व्हिडिओ पाहत रात्री जागवतात. म्हणून या विषयावर स्पष्ट बोलणे आम्हाला गरजेचे वाटते.

आमिल विकतो काय? ‘गैबची’ खबर. चोरी कोणी केली, करणी कोणी केली, मुलीचे लग्न का जमत नाही, हे आपला जिन्न सांगतो असा त्याचा दावा असतो. कुरआनने या दाव्याचा निकाल फार पूर्वीच लावला आहे. हजरत सुलैमान (अ.) यांच्या ताब्यात अल्लाहने जिन्न दिले होते. ते त्यांच्यासाठी इमारती उभारीत, हौदासारखी मोठी पात्रे घडवीत. सूरह सबामध्ये येते की, सुलैमान (अ.) यांचा मृत्यू झाला तरी जिन्न राबतच राहिले. वाळवीने त्यांची काठी पोखरली आणि देह खाली आला, तेव्हा कुठे त्यांना कळले. समोरच्या धन्याचा मृत्यू ज्यांना कळला नाही, ते आपल्या घरातले गुपित आणि उद्याचे भविष्य काय सांगणार?

‘पण त्याने सांगितलेले खरे निघाले!’ असे आपल्या भगिनी सांगतात. याचा खुलासा हदीसमध्ये आहे. शैतान चोरून ऐकलेली एखादी गोष्ट ज्योतिष्याच्या कानात घालतो आणि तो तिच्यात शंभर खोट्या गोष्टी मिसळतो. लोक ती एक लक्षात ठेवतात, शंभर विसरतात. भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणाऱ्याची चाळीस रात्रींची नमाज स्वीकारली जात नाही, इतका कडक इशारा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिला आहे. सूरह जिन्नमध्येही सांगितले आहे की, काही माणसे जिन्नांचा आश्रय मागत, त्यामुळे बिघाड वाढतच गेला. मदत आणि आश्रय फक्त अल्लाहकडे मागायचा. तो जिन्नाकडे मागणे ही शिर्कची वाट आहे.

दुसरे नुकसान घराचे होते. सूरह बकरा सांगते की, बाबिलमध्ये लोक अशी विद्या शिकत, जिने पती-पत्नीत फूट पडे. आजही आमिल बहुधा ‘घरातल्याच कोणीतरी केले आहे’ असे म्हणतो. मग संशय सुनेवर जातो, नाहीतर जावेवर, आणि वर्षानुवर्षांचे नाते तुटते. आईचे नाव किंवा वापरलेला कपडा मागणारा, न समजणारे मंत्र पुटपुटणारा, काळा कोंबडा मागणारा, स्त्रीला एकांतात बसवणारा, ‘डॉक्टरची गोळी बंद करा’ म्हणणारा माणूस कितीही लांब दाढीचा असो, त्याच्या दारात जाऊ नये.

तिसरे नुकसान जिवाचे आहे. फिट येणे, झोप उडणे, कानात आवाज ऐकू येणे, बाळंतपणानंतर उदासी येणे, हे आजार असू शकतात आणि त्यांवर उपचार आहेत. झटके येणारी एक स्त्री प्रेषितांकडे (स.) आली होती. त्यांनी तिला दोष दिला नाही, मारझोड केली नाही. सबर केलास तर जन्नत आहे, अन्यथा बरे वाटावे म्हणून दुआ करतो, असे तिला सांगितले. आजारावर औषध घ्या, ही त्यांचीच शिकवण आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याला 6 महिने ते 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग भीती वाटली तर काय करावे? प्रेषितांनी (स.) दिलेला उपाय सोपा आणि बिनखर्चाचा आहे. झोपण्यापूर्वी आयतुल कुर्सी पढावी. इखलास, फलक आणि नास या सूरह पढून तळहातांवर फुंकावे व अंगावरून हात फिरवावेत, असे तीनदा करावे. घरात सूरह बकराची तिलावत ठेवावी. हे सारे आपले आपण करायचे आहे, मध्ये कोणी आमिल लागत नाही. सोबत डॉक्टरला दाखवावे. मनाच्या त्रासासाठी 14416 या ‘टेलिमानस’ क्रमांकावर सरकारी मदत विनामूल्य मिळते.

मुलांना मात्र रागावून गप्प करू नये. त्यांच्याजवळ बसावे, सुलैमान (अ.) यांच्या काठीची हकीकत सांगावी. शैतानाची चाल कमकुवत असते, असे कुरआन सांगते. हे ज्या मुलाच्या मनात ठसले, त्याला अंधाराची भीती वाटणार नाही आणि त्या अंधारात डोकावण्याची हौसही उरणार नाही. अल्लाह आपल्या सर्वांच्या घरांचे रक्षण करो. आमीन.