जुन्या घराचा रंग खरवडण्याआधी

मागच्या महिन्यात न्यू जर्सीहून आतेभावाचा फोन आला. त्याने तिथे 1952 सालचं घर घेतलंय. आता खिडक्या बदलायच्या आहेत आणि वरच्या दोन खोल्या रंगवायच्या आहेत. एका कॉन्ट्रॅक्टरने शिशाच्या नियमांचं कारण देऊन बराच मोठा आकडा सांगितला. दुसरा म्हणाला, "नुसतं घासून रंग मारायचाय, दोन दिवसांत उरकतो."

"तू जड धातूंवर पीएचडी करतेस ना? मग सांग, हे नियम खरंच कामाचे आहेत की पैसे काढायचं निमित्त?" दादाने विचारलं. मागून त्याच्या दहा महिन्यांच्या मुलीचा आवाज येत होता. ती सध्या घरभर रांगते.

फोनवर घाईत दिलेलं उत्तर इथे नीट लिहून काढते.

रंगात शिसं आलं कुठून?

शिशाच्या संयुगांमुळे रंग लवकर वाळतो, खालचा थर चांगला झाकला जातो आणि ऊनपावसात टिकतो. आपल्या ओळखीचा सफेदा म्हणजे मूळचं शिशाचं कार्बोनेट, आणि शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. पिवळ्या रंगासाठी लेड क्रोमेट वापरायचे. अमेरिकेने 1978 मध्ये घरगुती रंगातल्या शिशावर बंदी घातली, म्हणून तिथले डागडुजीचे नियम 1978 पूर्वीच्या घरांना लागू होतात. अशा प्रत्येक घरात शिसं असतंच असं नाही, पण घर जितकं जुनं तितकी शक्यता जास्त. ज्या भागावर काम करायचं तिथे शिशाचा रंग नाही असं रीतसर तपासणीत निघालं, तर हे नियम लागत नाहीत.

एका चौरस फुटाचं गणित

रंग भिंतीला घट्ट धरून असेल, पोपडे सुटले नसतील, तर त्यातून फारसं काही बाहेर येत नाही. खरा प्रश्न सुरू होतो तो रंग घासायला घेतल्यावर.

अमेरिकी व्याख्येनुसार दर चौरस सेंटिमीटरला 1 मिलिग्रॅम किंवा जास्त शिसं असेल तर तो शिशाचा रंग. एक चौरस फूट म्हणजे सुमारे 929 चौरस सेंटिमीटर. म्हणजे एवढ्याशा तुकड्यात निदान 929 मिलिग्रॅम शिसं. हा तुकडा घासून त्याची धूळ दहा बाय दहाच्या खोलीत सारखी पसरली, तर फरशीच्या दर चौरस फुटावर साधारण 9,300 मायक्रोग्रॅम शिसं येईल. आता दुसरा आकडा बघा. फरशीवरच्या धुळीत दर चौरस फुटाला किती शिसं धोक्याचं मानायचं, याची मर्यादा ईपीएने, म्हणजे तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, 2019 मध्ये 10 मायक्रोग्रॅमवर आणली. पुढे 2024 मध्ये ती आणखी कडक केली.

म्हणजे नऊशे पटींहून जास्त, तेही एका चौरस फुटातून. दादाला तर दोन खोल्या घासायच्या आहेत.

रांगणारं मूल फरशीवर हात टेकवतं आणि तोच हात तोंडात घालतं. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण दहावा हिस्सा शोषला जातो, तर लहान मुलात जवळपास निम्म्यापर्यंत. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं. ते हाडांत साठतं आणि वाढत्या मेंदूच्या कामात अडथळा आणतं. बुद्धी, एकाग्रता, वागणूक यांवर परिणाम होतो. बहुतेक वेळा बाहेरून काहीच दिसत नाही, रक्ततपासणीतच कळतं. आणि 'एवढं चालतं' अशी सुरक्षित पातळी आजवर सापडलेली नाही.

नियम काय सांगतात?

ईपीएचा हा नियम 2008 मध्ये जाहीर झाला आणि एप्रिल 2010 पासून लागू झाला. पैसे घेऊन काम करणाऱ्यांना तो बंधनकारक आहे. आत एका खोलीत 6 चौरस फुटांपेक्षा किंवा बाहेरून 20 चौरस फुटांपेक्षा जास्त रंगाला हात लागणार असेल, तर तो लागतो. खिडकी बदलायची असेल तर ही सूट मिळतच नाही. फर्मकडे प्रमाणपत्र हवं आणि कामावर प्रशिक्षित माणूस हवा. त्याचं पहिलं प्रशिक्षण आठ तासांचं असतं. काम सुरू करण्याआधी घरच्यांना माहितीपुस्तिका द्यावी लागते.

बाकीचे सगळे नियम एकाच धुळीच्या मागे लागलेले आहेत:

- धूळ कमी करा. ज्योत लावून रंग जाळायचा नाही. हीट गन 1,100 अंश फॅरनहाइटच्या वर न्यायची नाही, कारण त्यापुढे शिशाची वाफ होण्याचा धोका वाढतो. सँडर मशीन वापरायचं तर त्याला झाकण आणि हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम जोडलेला हवा.
- धूळ अडवा. खोलीतलं सामान हलवा किंवा झाका, दारं आणि एसीची भोकं बंद करा, कामाच्या जागेपासून निदान सहा फुटांपर्यंत जमिनीवर प्लास्टिक अंथरा.
- धूळ उचला. आधी हेपा व्हॅक्यूम, मग ओलं पुसणं. शेवटी ओल्या पांढऱ्या कापडाने जागा पुसून ते कापड एका ठरावीक कार्डाशी ताडून बघायचं. जास्त मळकट निघालं तर पुन्हा सफाई.

यात कॉन्ट्रॅक्टरचाही स्वार्थ आहे. कपड्यांवर बसलेली धूळ तो रोज संध्याकाळी स्वतःच्या लेकरांकडे घेऊन जातो.

"मग मीच रविवारी घासून काढू का?" दादाने विचारलंच. कायद्याने त्याला मुभा आहे, स्वतःच्या राहत्या घरात स्वतः काम करणाऱ्याला हा नियम लागत नाही. पण धुळीला ते कुठे माहीत असतं?

मी त्याला म्हटलं, दोघांनाही तीन गोष्टी विचार: प्रमाणपत्र दाखवा, धूळ कशी अडवणार, आणि सफाई झाली हे कसं तपासणार. शिवाय मुलीच्या डॉक्टरांना रक्ततपासणीबद्दल आत्ताच विचार. त्याने पहिल्याच माणसाला काम दिलं. बजेटमुळे एक खोली पुढच्या वर्षावर ढकलली. तोवर तिथला रंग आहे तसाच राहू दे, घासू नकोस, आणि पोपडे दिसले तर लगेच कळव, असं मी बजावलंय.

फोन ठेवल्यावर आमचं पुण्यातलं जुनं घर आठवलं. दिवाळीआधी पेंटरकाका नाकाला रुमाल बांधून खिडक्यांचे गज पॉलिश पेपरने कोरडेच घासायचे. आई मागून केरसुणी फिरवायची, आणि आम्ही पोरं तिथेच खेळायचो. आपल्याकडेही 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम आहे. पण तो नियम नव्या डब्यातल्या रंगाचा. गजांवरचे जुने थर कसे काढायचे, याबद्दल त्यात काही नाही.

म्हणून यंदा काकांना सांगणार आहे: पाणी मारून वॉटर पेपरने घासा, खाली प्लास्टिक टाका, आणि घरी जाण्याआधी इथेच हातपाय धुऊन कपडे बदला. केरसुणीऐवजी ओलं फडकं मी स्वतः मारेन. आणि भाचरं दोन दिवस आजोळी.