चुंबक चिकटलं नाही, म्हणून हेल्मेट खोटं?

युद्धपटाच्या सेटवरचं म्हणून लोखंडी हेल्मेट दाखवणारे विक्रेते मुंबईच्या चोरबाजारात हमखास भेटतात. अंजूरफाटा ते माणकोली या पट्ट्यातल्या भिवंडीच्या भंगार गोदामांतही ढिगाऱ्यातून असं एखादं वर येऊ शकतं. पारखायची रीत मात्र सगळीकडे एकच: खिशातून चुंबक काढायचं. चिकटलं तर ‘अस्सल पोलाद’, घसरलं तर ‘प्लॅस्टिक, सोडून द्या’.

नेमकं इथेच नुकसान होतं. शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डने 1882 मध्ये मँगनीज पोलाद शोधलं. सुमारे बारा टक्के मँगनीज असलेलं हे पोलाद तापवून एकदम थंड केलं की कमालीचं चिवट होतं, आणि चुंबकाला दाद देत नाही. जॉन ब्रॉडीने 1915 मध्ये ज्याचं पेटंट घेतलं ते बशीसारखं ब्रिटिश हेल्मेट सुरुवातीला साध्या पोलादाचं होतं, पण त्याच वर्षी ते मँगनीज पोलादात बनू लागलं. अमेरिकेचं 1941 चं एम-1, म्हणजे ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मुळे घराघरांत ओळखीचं झालेलं हेल्मेट, त्याच जातीच्या पोलादाचं. दोन्हींवरून चुंबक घसरतं. गंमत म्हणजे ब्रॉडीच्या धारदार कडेला 1916 पासून साध्या पोलादाची पट्टी बसवली गेली. अशा नगात चुंबक फक्त कडेला बसतं. जर्मन हेल्मेटचं पोलाद वेगळं, त्याला ते सगळीकडे चिकटतं. आणि आज साध्या पत्र्यातून दाबून काढलेली एम-1 ची नक्कलही चुंबकाला घट्ट धरते! म्हणजे देश कोणता, हे आधी ठरल्याशिवाय चुंबकाला विचारण्यात अर्थ नाही. फायबरच्या नगावरूनही ते घसरणारच, तेव्हा वजन, आवाज आणि आतले शिक्के पाहावेच लागतात. एम-1 मध्ये पुढच्या कडेला आतून पोलादाच्या घाण्याचा क्रमांक ठोकलेला असतो. जर्मन नगात कारखान्याची खूण आणि मापाचा आकडा.

दुसरा समज चित्रपटाभोवतीचा: पडद्यावर होतं, म्हणजे खरं लष्करी. प्रत्यक्षात कॅमेऱ्याजवळच्या नटाला धातूचं हेल्मेट मिळतं, मागच्या गर्दीला फायबरचं किंवा प्लॅस्टिकचं, आणि पडझडीच्या दृश्यात रबराचंही चालतं. शिवाय एका देशाचं सामान दुसऱ्याचं म्हणून उभं राहतं. ‘पॅटन’ (1970) स्पेनमध्ये चित्रित झाला आणि त्यात जर्मन रणगाडे म्हणून फिरले ते स्पॅनिश लष्कराकडचे अमेरिकी रणगाडे. स्पेनच्या सैन्याचं हेल्मेटही जर्मन हेल्मेटशी इतकं मिळतंजुळतं होतं की रंग चढवून ते आजही जर्मन म्हणून विकलं जातं. चित्रपटात वापरलेलं असणं आणि लष्करी असणं हे दोन वेगळे दावे आहेत, आणि पहिल्याला पुरावा लागतो: निर्मितीचा कागद, किंवा पडद्यावरच्या चौकटीत दिसणारा तोच पोचा, तोच ओरखडा. विक्रेत्याची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, ती कितीही रंगली तरी.

‘गोळी अडवायचं’ हेही ऐकू येतं. ब्रॉडी बनलं ते डोक्यावरून कोसळणाऱ्या तोफगोळ्यांच्या छऱ्यांसाठी. एम-1 ने पिस्तुलाची गोळी झेलावी अशी अपेक्षा होती, रायफलीची समोरून आलेली गोळी नव्हे. म्हणून गोळीचं भोक दाखवून जास्त पैसे मागणाऱ्याला मी तरी दुरूनच नमस्कार करीन. भोक नंतर पाडता येतं.

घासून चकचकीत करणं हा आपल्याकडचा लाडका उद्योग. एम-1 च्या महायुद्धातल्या रंगात बुचाचा चुरा मिसळलेला असे, नंतरच्या काळात वाळू. तो खरखरीतपणा गेला की काळ ओळखण्याची एक खूणच जाते. मऊ ब्रश आणि कोरडं कापड, बास.

मराठी संग्राहकांनी एम-1 च्या मागे धावावं याचं मला थोडं नवल वाटतं. 1944 मध्ये इटलीत व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरलेले रायगडचे यशवंत घाडगे आणि त्यांच्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीतले जवान ज्या फौजेत लढले, तिचं हेल्मेट ब्रिटिश बशीच्याच घाटाचं होतं. पण पडद्यावर अमेरिकी जास्त दिसतात, मागणीही तशीच.

आता हौशी लोकांना न आवडणारी गोष्ट. 2014 मध्ये ब्रिटनच्या आरोग्य-सुरक्षा यंत्रणेने शाळांना जुने गॅस मास्क आणि पहिल्या महायुद्धातली हेल्मेटं मुलांच्या डोक्यावर घालू नका असं सांगितलं, कारण तपासलेल्या हेल्मेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस सापडलं होतं. जुनं अस्तर सुटू लागलेलं असेल तर ते झटकू नये, उपटू तर मुळीच नये.

आणि कायदा? ‘लष्करी वस्तू घरात ठेवली की पोलीस येतात’ ही भीती जुन्या हेल्मेटपुरती अनाठायी आहे. सैनिक असल्याचं भासवण्याच्या हेतूने सैनिकी पेहराव करणं हा गुन्हा, नुसती वस्तू बाळगणं नव्हे. खरी अडचण उलट बाजूने येते. 1972 च्या पुरातन वस्तू आणि कलानिधी कायद्यात शंभर वर्षं जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. 1916 चं ब्रॉडी आता त्या वयाचं झालं आहे. लंडनच्या गिऱ्हाइकाला ते कुरिअर करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करावी.