मुलांचं पुस्तक लिहिलंय? छापखान्याआधी संपादकाकडे पाठवा, पण बोली पुसू देऊ नका

बेळगाव, खानापूर, निपाणी असो की फोंडा, इंदूर, बडोदा, हैदराबाद, मुलांसाठी मराठीत लिहिणारी माणसं सगळीकडे आहेत. कुणी शाळेत शिक्षक आहे, कुणी अंगणवाडीत ताई, कुणी नातवंडांना रोज रात्री नवी गोष्ट सांगणारे निवृत्त आजोबा. गोष्टींची वही भरते, घरचे म्हणतात 'छापा की', आणि वही थेट छापखान्यात जाते. पाचशे प्रती निघतात, प्रकाशन समारंभ होतो, हार-तुरे होतात. उरलेले गठ्ठे माळ्यावर जातात.

या सगळ्यात एक पायरी राहून जाते, ती म्हणजे संपादकाची. छापण्याआधी एखाद्या जाणत्या, लेखकाशी नातं नसलेल्या माणसाने हस्तलिखित वाचून 'इथे मूल थांबेल, इथे कंटाळेल, हे पान नको' असं लेखी सांगणं म्हणजे संपादकीय अभिप्राय. तो कसा मागायचा, काय पाठवायचं, पैसे आणि हक्क यांचं काय, आणि महाराष्ट्राबाहेरच्या लेखकाने आपल्या बोलीबद्दल कुठे ठाम राहायचं, हे समजून घेऊ.

अभिप्राय म्हणजे शुद्धलेखन तपासणं नव्हे

'जरा तपासून द्या' एवढं म्हटलं की बहुतेकदा ऱ्हस्व-दीर्घ तपासून मिळतं. प्रत्यक्षात ही चार वेगळी कामं आहेत.

१) वाचन-अभिप्राय : संपादक संपूर्ण हस्तलिखित वाचतो आणि दोन-चार पानांत सांगतो की गोष्ट कुठे चालते, कुठे अडते, कोणत्या वयाला जाते.
२) रचनेचं संपादन : प्रसंगांचा क्रम, पात्रं, सुरुवात-शेवट, पानांची विभागणी. इथे गोष्ट उलटीपालटी होऊ शकते.
३) भाषा-संपादन : वाक्यांची लांबी, शब्दांची निवड, लय.
४) मुद्रितशोधन : छापायला जाण्याआधीच्या शेवटच्या चुका.

नवोदिताला सगळ्यात आधी पहिलं काम हवं असतं. जो प्रसंग पुढे गाळायचाच आहे, त्यातले अनुस्वार तपासण्यात पैसे का घालवायचे? म्हणून संपादकाला पहिल्याच निरोपात यांपैकी काय हवं ते स्पष्ट सांगावं.

पाठवण्याआधीचा घरचा अभ्यास

आधी वयोगट ठरवा. 'तीन ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांसाठी' असं पुस्तक नसतं. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर'वर वाचनाच्या चार पातळ्या केल्या आहेत. पहिलीत साधारण २५० शब्दांपर्यंतच्या गोष्टी, दुसरीत २५० ते ६००, तिसरीत ६०० ते १,५००, चौथीत त्याहून मोठ्या. हे आकडे म्हणजे कायदा नव्हे. पण पाच वर्षांच्या मुलासाठी दोन हजार शब्द लिहिले असतील तर काहीतरी चुकतंय हे लगेच कळतं. तिथे मराठी गोष्टी मोफत वाचता येतात, त्यामुळे पातळीचा अंदाज घ्यायला बरं पडतं.

मग पानं मोजा. चित्रांची पुस्तकं बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात, कारण छपाई फर्म्याच्या हिशेबाने होते. २४ पानांतून शीर्षक आणि प्रकाशनाच्या तपशिलाची पानं गेली की वीस-बावीस उरतात. समोरासमोरच्या दोन पानांवर एक चित्र धरलं तर दहा-अकरा दृश्यं. गोष्टीत तेवढी दृश्यं आहेत का? की सगळी गोष्ट एकाच खोलीत दोन माणसं बोलत बसल्यासारखी आहे? हे लेखकालाच घरी तपासता येतं.

गोष्ट मोठ्याने वाचा. त्याहून चांगलं म्हणजे दुसऱ्याला वाचायला द्या आणि आपण ऐका. तो जिथे अडखळतो, तिथे वाक्य दुरुस्त करा. मुलांनाही वाचून दाखवा, पण आपल्या नातवाला नव्हे. त्याला आजी जे सांगेल ते आवडतंच. शेजारच्या शाळेतली, नाव माहीत नसलेली मुलं खरं सांगतात. ती तोंडाने काही म्हणत नाहीत, चुळबुळ करायला लागतात.

चित्रं आधी काढून घेऊ नका. प्रकाशक बहुतेकदा आपल्या पसंतीचा चित्रकार ठरवतो आणि संपादनात पानं बदलतात. चित्रांवर केलेला खर्च वाया जाऊ शकतो. जिथे मजकुरात नसलेली गोष्ट चित्रात दिसायला हवी, तिथे कंसात एक ओळ पुरे. लेखक स्वतःच चित्रकार असेल तर गोष्ट वेगळी. तरीही कच्ची रेखाटनं पुरतात.

हस्तलिखित युनिकोडमध्ये टाइप केलेलं असावं. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधली फाइल समोरच्याकडे उघडली की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. सगळं एका फाइलमध्ये, ओळींत मोकळी जागा, प्रत्येक पानावर क्रमांक. वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर एकेक करून पाठवणं टाळा.

सोबतचं पत्र

पत्र छोटं हवं. लेखकाला मिळालेल्या पुरस्कारांची यादी आणि 'संस्कारक्षम' हा शब्द नसला तरी चालतो. समजा, फोंड्याच्या एका शिक्षिकेने गोव्यातल्या पाववाल्यावर, म्हणजे पोदेरावर, गोष्ट लिहिली आहे. पत्र असं असू शकतं :

'सोबत "पोंऽक!" ही चित्रगोष्ट पाठवत आहे. वयोगट ५ ते ७, शब्द सुमारे ६००. पोदेराच्या सायकलचा भोंगा हरवतो आणि सई तो वाड्यावर शोधत फिरते, एवढीच गोष्ट. ती कुठेही छापलेली नाही. मला वाचन-अभिप्राय हवा आहे. शेवट लांबला आहे का आणि गोव्याबाहेरच्या मुलांना कळेल का, हे दोन प्रश्न माझ्या मनात आहेत. आपलं मानधन, लागणारा वेळ आणि अभिप्रायाचं स्वरूप कळवावं.'

आपले प्रश्न आपणच विचारले की अभिप्राय नेमका येतो.

एखाद-दुसरीच गोष्ट लिहिलेली असेल तर पुस्तकाची घाई नको. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आहे. अशा मासिकाकडे गोष्ट पाठवणं हीसुद्धा संपादकाच्या नजरेखालून जाण्याची वाट आहे. मात्र प्रकाशक किंवा मासिक यांच्याकडून सविस्तर अभिप्रायाची अपेक्षा ठेवू नये. तिथे निवड होते किंवा होत नाही. कारणांसह अभिप्राय हवा तर तो वेगळा मागावा लागतो आणि बहुधा त्याचं मानधन द्यावं लागतं.

पैसे आणि हक्क

मानधन शब्दांवर, पानांवर किंवा एकरकमी ठरतं. आधी दोन-तीन पानांचा नमुना-अभिप्राय मागायला हरकत नाही. किती दिवसांत मिळेल, लेखी किती पानं, समासात टिपा असतील का, दुरुस्तीनंतर पुन्हा एकदा वाचणार का, हे सगळं ईमेलवर नोंदवून घ्यावं. या माणसाने संपादित केलेली मुलांची पुस्तकं आधी पाहावीत. कादंबऱ्यांचा उत्तम संपादक सहाशे शब्दांच्या गोष्टीत चाचपडू शकतो.

सावध कुठे व्हावं? जो वाचण्याआधीच 'अप्रतिम' म्हणतो, जो अभिप्राय, छपाई, प्रकाशन समारंभ आणि पुरस्कार असं एकच पॅकेज विकतो, किंवा जो सगळी रक्कम आगाऊ मागतो पण काय देणार ते लिहून देत नाही, अशा ठिकाणी.

गोष्ट चोरीला जाईल या भीतीने अनेक जण हस्तलिखित कुणाला दाखवतच नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिल्या क्षणी हक्क लेखकाचा होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. अभिप्राय दिला म्हणून संपादकाला त्यात वाटा मिळत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सही केलेला करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतात. म्हणून 'सर्व हक्क कायमचे' असं लिहिलेल्या कागदावर घाईत सही करू नका. तारखेसह पाठवलेला ईमेल जपून ठेवा.

बोलीचं काय करायचं?

खरी ओढाताण इथे होते. लेखक बेळगावचा, संपादक पुण्याचा किंवा मुंबईचा. 'काय करायलास रे?' याच्या जागी समासात 'काय करतो आहेस?' येतं. पोदेराचा 'पाववाला' होतो. बडोद्याची अगाशी 'गच्ची' होते. प्रत्येक बदल एकेकटा पाहिला तर किरकोळ. पण सगळे मिळून गोष्ट फोंड्याची राहत नाही, कुठलीच राहत नाही. सीमेपलीकडच्या मराठी मुलाला छापील पुस्तकात आपली गल्ली तशीही फार कमी वेळा दिसते. ती पुसणारी दुरुस्ती मुकाट्याने मान्य करू नये.

पण 'ही आमची बोली' म्हणून प्रत्येक सूचना झटकून टाकणंही बरोबर नाही. प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, वाक्यातून किंवा चित्रातून अर्थ कळतो का? 'सकाळी पोदेर आला' हे वाक्य नाशिकच्या मुलाला अडवतं. 'पोंऽक! सायकलचा भोंगा वाजला. गरम पोयांची टोपली घेऊन पोदेर आला' हे अडवत नाही. शब्द तोच राहिला, तळटीपही लागली नाही. तसंच, 'उत्तरायणला सगळे अगाशीवर चढले. खाली गल्ली, वर आभाळ आणि आभाळभर पतंग' असं लिहिलं की अगाशी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

दुसरा, हा शब्द काही वेगळं काम करतो का? पोदेर म्हणजे नुसता पाव विकणारा नव्हे. त्याचा भोंगा, टोपली, ठरलेली वेळ, सगळं त्या शब्दात आहे. तो ठेवायचा.

तिसरा, ही बोली आहे की शेजारच्या भाषेची नकळत पडलेली सावली? इंदूरकडच्या लेखनात 'तो मला बाजारात मिळाला' असं वाक्य हिंदीच्या सवयीने येऊ शकतं. दुसरीकडच्या मुलाला वाटेल, मित्र हरवला होता की काय! पात्राच्या तोंडी ते शोभेल. निवेदनात 'भेटला' बरं. निवेदन सोपं प्रमाण मराठी आणि संवाद बोलीत, ही जुनी वाटणी बहुतेक गोष्टींना पुरते. जी पद्धत धराल ती शेवटच्या पानापर्यंत सांभाळा.

संपादकाला हे आधीच सांगितलं तर निम्मी भांडणं टळतात : 'संवादातली बोली मुद्दाम आहे. कळत नसेल तिथे खूण करा, बदलू नका.' चांगला संपादक तसंच करतो.

अभिप्राय आल्यावर

पहिल्या दिवशी उत्तर लिहू नका. लाल खुणा पाहून राग येतो, ते साहजिक आहे. तीन-चार दिवसांनी पुन्हा वाचा आणि सूचनांचे तीन ढीग करा : पटल्या, पटल्या नाहीत, कळल्या नाहीत. तिसऱ्या ढिगाबद्दल लगेच विचारा. दुसऱ्या ढिगाकडे मात्र नीट पाहा. संपादकाने सुचवलेला उपाय चुकीचा असू शकतो, पण त्याने बोट ठेवलेली जागा बहुधा बरोबर असते. 'पाववाला' हा उपाय नको असेल. पण तिथे वाचणारा अडला, ही माहिती मोलाची आहे.

मुलांच्या गोष्टींत सगळ्यात जास्त खुणा येतात त्या शेवटच्या पानावर. भोंगा सापडल्यावर 'त्या दिवसापासून सईने दुसऱ्यांच्या वस्तू जपायचं ठरवलं' असं वाक्य असेल तर संपादक ते काढायला सांगेल, आणि ऐकावं. दुसऱ्या सकाळी पुन्हा 'पोंऽक!' ऐकू आला की गोष्ट संपते. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' पाहावं : घरातली माणसं एका लहान मुलीच्या नजरेतून दिसतात, उपदेशाची गरज पडत नाही.

आपल्या गावातच पहिला वाचक हवा असेल तर वाचनालय, मराठी शाळा, साहित्य मंडळ यांना विचारावं. चार लेखकांनी मिळून महिन्यातून एकदा एकमेकांच्या गोष्टी वाचल्या तरी पैसे देऊन घेतलेल्या अभिप्रायाआधी निम्मं काम होऊन जातं. मग दुरुस्त केलेली संहिता आठवडाभर बाजूला ठेवा, पुन्हा एकदा मोठ्याने वाचा, आणि मगच प्रकाशकाचा पत्ता शोधा.