दोष पेट्रोलचा की ठिणगीचा?

कसारा घाट चढून इगतपुरीकडे येताना जुनी प्रीमियर पद्मिनी दम टाकू लागते. पिकअप जातो, दोन-चार झटके बसतात आणि गाडी बंद पडते. अर्ध्या तासाने चावी फिरवावी तर लगेच सुरू होते. नाशिकला पोचल्यावर मालक गॅरेजमध्ये सांगतो, "कार्बोरेटर साफ करा." बहुतेक निदाने इथेच चुकतात. पेट्रोलच्या वाटेवर कार्बोरेटर सगळ्यात शेवटी येतो. आधीची वाट तपासल्याशिवाय त्याचा एकही स्क्रू फिरवू नये, असे माझे ठाम मत आहे.

पद्मिनी उदाहरणाला घेतली, कारण तिच्यात सगळे उघड्या डोळ्यांनी दिसते. फियाट ११०० घराण्यातले १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, मागे टाकी, इंजिनाच्या अंगाला बसवलेला यांत्रिक पेट्रोल पंप आणि वर कार्बोरेटर. मुंबईच्या रस्त्यांवरून या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये हद्दपार झाल्या, पण हौसेने जपलेल्या गाड्या अजून फिरतात. कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० लाही पुढची बहुतेक तपासणी लागू पडते.

पहिला प्रश्न एकच: ठिणगी नाही, की पेट्रोल नाही? याचे उत्तर गाडी बंद पडलेली असतानाच मिळते. ती थंड होऊन सुरू झाली की पुरावा गेला. म्हणून प्लग पाना आणि एक जादा प्लग गाडीत असू द्यावा. एका सिलिंडरची वायर काढून ती जादा प्लगला लावा, प्लगची धातूची बाजू इंजिनाला टेकवून ठेवा (हाताने धरू नका, झटका जबर बसतो) आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. आजूबाजूला पेट्रोल सांडलेले नाही ना, हे आधी पाहा. निळी, कडक ठिणगी पडली तर इग्निशन बहुधा ठीक आहे. पिवळट, मरतुकडी ठिणगी दिसली किंवा काहीच दिसले नाही, तर कंडेन्सर, कॉइल आणि पॉइंट यांच्याकडे वळा. कंडेन्सर आणि कॉइल तापल्यावर दगा देतात आणि थंड झाल्यावर पुन्हा नीट चालतात. त्यामुळे घाटातली ही तक्रार हुबेहूब पेट्रोलची वाटते. कंडेन्सरचा दोष असताना कार्बोरेटर पुन्हा पुन्हा उघडला जातो, तो याच गफलतीमुळे.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोलकडे या. सगळ्यात आधी टाकीचे झाकण उघडा. आत हवा ओढली गेल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि त्यानंतर गाडी चालू लागली, तर झाकणाचे वायुछिद्र बुजले आहे. पेट्रोल जाते तेवढी हवा टाकीत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. हा दोष दुरुस्त करायला खर्च जवळजवळ काहीच नाही.

झाकण निर्दोष असेल तर इंजिन निवू द्या. मग कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत सोडा आणि स्टार्टर मारा. ठोक्याठोक्याने पेट्रोल यायला हवे. थेंब थेंब आले तर फिल्टर, पंपाचा डायफ्रॅम आणि टाकीपासून येणारी नळी तपासा. नळीला भेग असेल तर पेट्रोल बाहेर गळतेच असे नाही. पंप त्या भेगेतून हवा ओढतो.

आता व्हेपर लॉक. पंप पेट्रोल ओढतो त्या बाजूला दाब कमी असतो, आणि कमी दाबाखाली द्रव लवकर उकळतो. एप्रिल-मे मधली दुपार, चढ, दुसरा गिअर आणि पुढे ट्रकांची रांग: इंजिनावर भार पुरेपूर आणि वारा नाही. पंपात पेट्रोलची वाफ होते, डायफ्रॅम ती वाफच हलवत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. पंपावर ओले फडके टाकण्याचा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय शास्त्रशुद्ध आहे. पाणी मात्र ओतू नये. तापलेल्या ओतीव धातूला तडा जाऊ शकतो. फडके टाकल्यावर गाडी वारंवार सुरू होत असेल, तर पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दूर घ्या आणि पंप व इंजिन यांमधला उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे का ते पाहा.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २०२५ पर्यंत पेट्रोलमधले त्याचे प्रमाण देशभर २० टक्क्यांवर आले. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो. कार्बोरेटरचा जुना जेट शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने बनलेला असल्यामुळे मिश्रण पातळ होते आणि गाडी झटके देते. शिवाय इथेनॉल जुने रबर फुगवते, टाकीत साठलेली राळ सुटी करून फिल्टरमध्ये आणते आणि पाणी शोषते. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात अर्धी रिकामी टाकी घेऊन महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हे पाणी तळाला बसू शकते. टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ ठेवले की दोन थर स्पष्ट दिसतात.

एवढे सगळे पाहून झाल्यावर कार्बोरेटर उघडावा. एक्सलेटर दाबताच गाडी अडखळत असेल तर एक्सलेटर पंपाची पिचकारी बघा. धूर काळा असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर फ्लोट आणि निडल. आयडलिंग टिकत नसेल पण वेगात गाडी ठीक असेल, तर आयडल जेट किंवा गॅस्केटमधून शिरणारी हवा. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, म्हणून मिश्रण बिघडते असे कुणी सांगितले तर सोडून द्या. एवढ्या उंचीने पडणारा फरक किरकोळ असतो.

शेवटी एक विनंती. पीयूसीचा कागद घडी करून डिकीत टाकू नका. २००० पूर्वीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. पहिला आकडा मोठा असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. पहिला लहान आणि दुसरा मोठा असेल तर मिश्रण पातळ आहे किंवा एखादा सिलिंडर मिसिंग करतो आहे. मेकॅनिककडे जाताना तो कागद सोबत न्या.