व्हिडिओकॉनचा मोबाइल : एका मराठवाडी नाममुद्रेची खतावणी

घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातील रेल्वे स्थानकाचे गाव. परळीहून लातूर रोडकडे जाणारा लोहमार्ग या गावावरून जातो. अशा बाजारपेठेच्या गावात दुकान चालविणारे कुटुंब कोणत्याही कंपनीची पारख दोन प्रश्नांनी करते. तिचा माल खपतो का, आणि तिच्याकडे अडकलेला पैसा वेळेवर परत येतो का? मराठवाड्यातच वाढलेल्या व्हिडिओकॉन या नाममुद्रेने पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनेक वर्षे ठाम होकाराने दिले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र देशातील मोठमोठ्या बँकांना आणि असंख्य लहान पुरवठादारांना फार महागात पडले. या दोन उत्तरांच्या मधल्या काळात व्हिडिओकॉनच्या मोबाइलची कथा घडली.

या घराण्याच्या उद्योगाची सुरुवात विजेच्या उपकरणांपासून झाली नाही. नंदलाल माधवलाल धूत यांनी पन्नासच्या दशकात युरोपातून यंत्रसामग्री आणवून औरंगाबाद जिल्ह्यात गंगापूर येथे साखर कारखाना उभारला. पुढे १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत दूरचित्रवाणी आली. त्या संधीचा वेध घेऊन ऐंशीच्या दशकाच्या मध्यास धूत पितापुत्रांनी जपानच्या तोशिबा कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने दूरचित्रवाणी संच बनविण्यास प्रारंभ केला. औरंगाबाद-पैठण रस्त्यावरील चितेगाव हे या उद्योगाचे केंद्र झाले.

काळही अनुकूल होता. १९८७ च्या जानेवारीत रविवारी सकाळी ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि गावोगावच्या घरांत दूरचित्रवाणी संच ही प्रतिष्ठेची वस्तू ठरली. परदेशी मालापेक्षा स्वस्त, सुटे भाग सहज मिळणारा आणि दुरुस्तीला सोपा संच ग्राहकाला हवा होता. व्हिडिओकॉनने तो दिला. संचांपाठोपाठ धुलाई यंत्रे, शीतकपाटे व वातानुकूलन यंत्रे आली. कंपनीने दूरचित्रवाणीच्या चित्रनलिकेला लागणारी काचही स्वतःच बनविण्यास घेतली. कच्च्या मालापासून तयार वस्तूपर्यंतची साखळी आपल्याच हाती असावी, हा त्यामागील विचार होता. कोणत्याही उत्पादकाला भूषणावह वाटावा असाच तो विचार होता.

विस्ताराचा वेग

२००५ साली कंपनीने दोन मोठी पावले टाकली. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सचा भारतातील व्यवसाय तिने घेतला. त्याच वर्षी फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनलिकांचा व्यवसायही घेतला. त्यामुळे इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीन येथील कारखाने एका मराठवाडी उद्योगसमूहाकडे आले. बातमी अभिमानाची होती. परंतु ज्या वस्तूचे हे कारखाने होते, तिचे आयुष्य संपत आले होते. सपाट पडद्याचे संच बाजारात उतरले आणि काही वर्षांतच जाडजूड चित्रनलिकेला गिऱ्हाईक उरले नाही. हंगाम सरत असताना कोठार भरून ठेवणाऱ्या व्यापाऱ्यासारखी ही स्थिती होती.

मोबाइलच्या क्षेत्रात कंपनी उतरली ती या पार्श्वभूमीवर. भारतात पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता व दिल्ली यांच्यात झाला होता. २००३ मध्ये आलेल्या नोकिया ११०० या साध्या, विजेरी असलेल्या संचाने मोबाइल शेताच्या बांधापर्यंत नेला. २००८-०९ च्या सुमारास मायक्रोमॅक्स, कार्बन, लाव्हा या भारतीय नाममुद्रा पुढे आल्या. दोन सिमकार्डे, अधिक काळ टिकणारी बॅटरी आणि कमी किंमत हे त्यांचे बळ होते. २००९ मध्ये व्हिडिओकॉननेही याच पठडीतील आपला मोबाइल संच बाजारात आणला. त्याच वर्षी डीटूएच ही उपग्रह दूरचित्रवाणी सेवाही सुरू झाली. ग्राहकाच्या घरातील संच, त्यावर दिसणारे कार्यक्रम, हातातील मोबाइल आणि त्यातील सिमकार्ड हे सारे एकाच नावाचे असावे, असे ते चित्र होते.

या चित्रातील सिमकार्डाचा भाग सर्वांत खर्चिक ठरला. मोबाइल संच विकणे आणि मोबाइल सेवा चालविणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. संचाच्या व्यापारात माल आला, विकला, पैसा फिरला, असे चक्र असते. सेवेत मात्र आधी परवाना, लहरी, मनोरे आणि यंत्रणा यांवर प्रचंड रक्कम गुंतवावी लागते. उत्पन्न ग्राहकागणिक थेंबाथेंबाने, काही वर्षांनी जमू लागते. त्या मधल्या वर्षांचे व्याज कोणी भरायचे, हा खरा प्रश्न असतो.

कंपनीला २००८ साली मोबाइल सेवेचे परवाने मिळाले आणि २०१० मध्ये सेवा सुरू झाली. तेव्हा बाजारात डझनभर कंपन्या होत्या आणि संवादाचा दर सेकंदाला पैशावर घसरला होता. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिलेले १२२ परवाने रद्द केले. ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम’ या वाटपपद्धतीवर न्यायालयाचा आक्षेप होता. व्हिडिओकॉनचे २१ परवाने त्यात गेले. नोव्हेंबर २०१२ च्या लिलावात कंपनीने सुमारे २,२२१ कोटी रुपये मोजून सहा सर्कलांतील लहरी पुन्हा घेतल्या. बिहार, गुजरात, हरियाणा, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशाची दोन सर्कले त्यांत होती, महाराष्ट्र नव्हता.

२०१६ मध्ये या सहा सर्कलांतील लहरी एअरटेलला ४,४२८ कोटी रुपयांना विकून कंपनी बाजूला झाली. वरवर पाहता रक्कम दुप्पट झाली. परंतु खरेदी-विक्रीतील फरक म्हणजे नफा नव्हे, हे प्रत्येक मुनीम जाणतो. मधल्या काळातील व्याज, यंत्रणा आणि तोटा वजा केल्यावर काय उरते, तो खरा नफा. इकडे मोबाइल संचांचा बाजारही बदलला होता. २०१४ पासून शाओमीसारख्या चिनी कंपन्या ऑनलाइन विक्रीने स्वस्तात चांगले संच देऊ लागल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर जुन्या धाटणीच्या भारतीय संचांची मागणी आणखी ओसरली.

मत्ता होती, रोकड नव्हती

कंपनीजवळ मत्ता नव्हती असे नाही. मोझांबिकच्या समुद्रातील वायुक्षेत्रातील तिचा दहा टक्के हिस्सा सुमारे अडीच अब्ज डॉलरला सरकारी तेल कंपन्यांनी विकत घेतला. तो व्यवहार २०१४ च्या प्रारंभी पूर्ण झाला. तरीही कर्जाचा डोंगर हलला नाही. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांकडे पाठविलेल्या मोठ्या थकीत खात्यांच्या दुसऱ्या यादीत व्हिडिओकॉनचे नाव होते. जून २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. पुढे समूहातील तेरा कंपन्यांची प्रकरणे एकत्र करण्यात आली. या समूहाच्या काही कर्जव्यवहारांविषयीचे खटले न्यायालयापुढे आहेत. त्यांतील दोष-निर्दोषतेचा निर्णय न्यायालयाचा आहे.

धनकोंचे मान्य झालेले दावे सुमारे ६४,८०० कोटी रुपयांचे होते. जून २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने मंजूर केलेला खरेदीचा प्रस्ताव होता सुमारे २,९६२ कोटींचा, म्हणजे शंभर रुपयांमागे पाच रुपयेही नाहीत. खरेदीदार जवळजवळ काहीच देत नाही, असे न्यायाधिकरणानेच नमूद केले. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली.

व्यापारी कुटुंबांनी त्या आदेशातील आणखी एक आकडा लक्षात ठेवावा. ज्यांनी माल आणि सेवा उधारीवर पुरविल्या, त्यांच्या वाट्याला त्या प्रस्तावात ०.७२ टक्के रक्कम येत होती. शंभर रुपयांच्या बिलामागे बहात्तर पैसे! यांतील बहुसंख्य सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग होते. सुटे भाग, खोकी, वाहतूक, छपाई अशा कामांवर ज्यांची घरे चालतात, तेच हे लोक.

कायद्यातील क्रमच तसा आहे. कंपनी मोडीत निघाल्यास प्रथम प्रक्रियेचा खर्च, मग कामगार व तारण असलेले धनको, त्यानंतर इतर कर्मचारी आणि विनातारण कर्ज देणारे येतात. माल पुरविणारा त्यांच्याही मागे उभा असतो. बँकेजवळ तारण असते. पुरवठादाराजवळ असते ते केवळ बिल.

यासाठी काही पथ्ये पाळता येतात. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे किंवा सेवा पुरविणाऱ्याचे देणे ठरल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत चुकते करावे लागते. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. त्यासाठी उद्यम नोंदणी वेळीच करावी. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारास मात्र या नोंदणीने प्राधान्य कर्जाचाच लाभ मिळतो, विलंबाच्या व्याजाचा नाही. म्हणून त्याने उधारीची मर्यादा स्वतःच आखावी. एकाच गिऱ्हाइकाकडे आपल्या भांडवलाचा किती भाग अडकू द्यायचा, हे त्याचे नाव पाहून नव्हे, तर आपली ऐपत पाहून ठरवावे. माल पोहोचल्याची सही व पोच जपून ठेवावी.

श्रावकाच्या व्रतांत परिग्रह-परिमाण सांगितले आहे. किती मिळवावे याबरोबरच कोठे थांबावे, हेही आधी ठरवून ठेवण्याचा तो संस्कार आहे. कर्ज काढून वाढविलेल्या पसाऱ्यालाही हीच कसोटी लावता येते. आलेल्या उत्पन्नातून व्याज भागते तोवर विस्तार शोभतो. व्याजासाठी नवे कर्ज काढावे लागले, की मर्यादा ओलांडली गेली असे समजावे.

चितेगावच्या उद्योगाने मराठवाड्यातील हजारो हातांना काम दिले आणि गावोगावच्या घरांत पहिला रंगीत पडदा उजळला, हे ऋण नाकारता येणार नाही. आजही अनेक घरांत तो जुना संच कोपऱ्यात झाकून ठेवलेला आढळेल. येत्या दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी नवी खतावणी उघडताना घाटनांदूरच्या पेढीवर आणि इतरत्रही एक पान आधी तपासावे : येणे किती, ते कोणाकडे, आणि किती दिवसांचे?