मोटारीचा अपघात आणि विम्याचा दावा

मुंबई-आग्रा रस्त्यावर, धुळे जिल्ह्यातील पळासनेर येथे २०२३ च्या जुलैत एक मालमोटार वाहनांना धडकून उपाहारगृहात शिरली व किमान दहा माणसे प्राणास मुकली. अशा प्रसंगी मागे राहिलेल्यांनी काय करावे, हे सुशिक्षित घरांतही फारसे कोणास ठाऊक नसते.

परक्यास होणाऱ्या इजेचा विमा आपल्याकडे १९४६ पासून सक्तीचा आहे. त्याची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मागावयाची असते. अपघात धुळ्याकडे घडला म्हणून जळगावच्या विधवेस तिकडे हेलपाटे घालावे लागत नाहीत; ती राहते तेथेही अर्ज करता येतो. मात्र २०२२ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने त्यास सहा महिन्यांची मुदत घातली आहे. सुतक, क्रियाकर्म आणि आप्तांची ये-जा यांत ती केव्हा सरते हे कळतही नाही.

मृत व्यक्ती गृहिणी असली तर 'तिची मिळकत कोठे होती?' म्हणून पुष्कळजण स्वस्थ बसतात. हे सर्वस्वी चूक होय. गृहिणीच्या श्रमाचेही मोल धरले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केले आहे.

केवळ गाडीच मोडली असेल, तर स्वतःच्या नुकसानीचाही विमा उतरलेला असला तरच कंपनी पैसे देते. तिला त्वरित कळवावे व तिच्या सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी दुरुस्तीस हात लावू देऊ नये. 'आपसांत मिटवू' म्हणणाऱ्या चालकाची मात्र भीड धरू नये. पंचनामा झालाच नाही, तर पुढे दाव्यास आधार कोणता दाखविणार?